घाटाआधी उजेड मोजा: पचमढी, पाताळकोट, भेडाघाट
(वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं)

दिवाळी ते होळी या काळात इंदूरहून सातपुड्याकडे, म्हणजे पचमढीच्या डोंगरात, पाताळकोटच्या दरीत आणि नर्मदेवरच्या भेडाघाटला गाडी काढणाऱ्यांच्या पत्रांपैकी पाच निवडली आहेत. बहुतेकांनी किलोमीटर विचारले आहेत. आम्ही उत्तरं तासांत दिली आहेत, आणि तेही उजेडाच्या तासांत.

प्रश्न: नाताळच्या सुटीत आम्ही सहाजण सात आसनी गाडीने निघतोय. दोन मुलं आहेत, आई-बाबा सत्तरीच्या पुढचे आहेत. इंदूर, पचमढी, पाताळकोट, भेडाघाट आणि परत, असं चार दिवसांत करायचा बेत आहे. फोनवरचा नकाशा पचमढीला आठ तास दाखवतो, म्हणून नाश्ता उरकून दहाला निघावं म्हणतो. जमेल ना? (एक वाचक, राजेंद्रनगर)

उत्तर: नाही जमणार, आणि अडचण चार दिवसांपेक्षा त्या दहा वाजण्याची जास्त आहे.

इंदूर ते भोपाळ साधारण 190 किलोमीटर, तिथून औबेदुल्लागंज, नर्मदापुरम (जुनं होशंगाबाद), सोहागपूर, पिपरिया करत पचमढी आणखी 200. नकाशाच्या आठ तासांत आष्ट्याचा चहा नसतो, आजोबांचं दर दोन तासांनी पाय मोकळे करणं नसतं, भोपाळ ओलांडतानाचा ऑफिसचा ट्रॅफिक तर नसतोच. प्रत्यक्षात दहा तास धरा. दहाला निघालात तर पिपरियातच सहा वाजतात. डिसेंबरअखेर तिकडे सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो. म्हणजे मटकुलीपासून वरचा घाट, जो या दिवसाचा सगळ्यात अवघड तुकडा, तो तुम्ही थकलेले असताना, काळोखात आणि समोरच्या गाडीच्या हाय बीममध्ये चढणार. हा रस्ता जंगलातून जातो. वळणावर गवा किंवा सांबर उभं असेल तर दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

म्हणून हिशोब उलटा करा. पिपरिया दुपारी तीनच्या आत सोडायचं, हे पक्कं धरा. त्यासाठी इंदुरातून साडेपाचला निघावं लागतं. पोहे-जलेबी देवास ओलांडून खा, पण पोटभर नको. घाट लागण्याआधी मुलांचं पोट हलकं असलेलं बरं. गाडी लागणाऱ्याला मागच्या टोकाच्या सीटवर कधीच बसवू नका. मधल्या रांगेत, समोरचा रस्ता दिसेल असं बसवा, फोन काढून घ्या. गोळी द्यायची असेल तर डॉक्टरांना विचारून आणि घाटाच्या निदान अर्धा तास आधी. उलटी सुरू झाल्यावर दिलेली गोळी पोटात टिकत नाही.

आता दिवसांचं. तुमचा पूर्ण फेरा तेराशे किलोमीटरच्या आसपास जातो. चार दिवसांत रोज सव्वातीनशे, म्हणजे दरी फक्त काचेतून पाहायची. हाच फेरा सात दिवसांचा नीट बसतो: पहिला दिवस पचमढी गाठण्यात. दुसरा दिवस पूर्ण पचमढी. तिसऱ्या दिवशी सकाळी उरलेले पॉइंट, जेवून मटकुलीमार्गे तामिया (80 किलोमीटरच्या आसपास, पण अडीच तास). चौथ्या दिवशी पाताळकोट आणि संध्याकाळी छिंदवाड्याला मुक्काम. पाचव्या दिवशी अमरवाडा, नरसिंहपूर करत भेडाघाट, दोनशेच्या घरात. सहाव्या दिवशी भेडाघाटहून भोपाळ, वाटेत औबेदुल्लागंजपाशी जरा वाट वाकडी करून भीमबेटका. सातव्या दिवशी घर.

चारच दिवस असतील तर भेडाघाट सोडा. पचमढी दोन रात्री, तामिया एक रात्र, चौथ्या दिवशी पहाटे निघून थेट घर. तो शेवटचा दिवस लांब आहे, तेव्हा दुसरा चालक हवाच. हरदा-नेमावरकडून अंतर थोडं वाचतं, पण पहिल्यांदा जाणाऱ्याने भोपाळचाच रस्ता धरावा.

पेट्रोलचा अंदाज असा घ्या: सपाटीवर 15 चा ॲव्हरेज देणारी गाडी सहा माणसं आणि सामान घेऊन घाटात 11-12 वर येते. तेराशे किलोमीटरला 95 ते 100 लिटर धरून चला. टाकी पिपरियात फुल करा. पचमढी, तामिया, पाताळकोट हा पुढचा सगळा तुकडा त्याच टाकीवर करायचा, असं समजा.

आणि एक. नाताळ ते 1 जानेवारी हा पचमढीत सगळ्यात गर्दीचा आठवडा. धूपगड, बी फॉल अशा वनखात्याच्या हद्दीतल्या ठिकाणी स्वतःची गाडी नेता येत नाही. परवाना काढून तिथली जिप्सी करावी लागते, आणि या आठवड्यात जिप्सीसाठी सकाळीच रांग लागते. हांडी खोह, प्रियदर्शिनी पॉइंट, जटाशंकर, पांडव गुंफा आपल्या गाडीने होतात. सुटीची सक्ती नसेल तर जानेवारीचा दुसरा आठवडा बघा. थंडी मात्र सांभाळा, पहाटे पारा 5 अंशांच्या खाली जाऊ शकतो. धूपगडावर (1,350 मीटर, मध्य प्रदेशातली सर्वांत उंच जागा) सूर्यास्ताला उघड्या जिप्सीतून जायचं असतं. मुलांच्या कानटोप्या सुटकेसच्या तळाशी ठेवू नका.

प्रश्न: गेल्या वर्षी घाट उतरताना ब्रेकचा जळका वास आला आणि पेडल मऊ लागलं. गॅरेजवाले म्हणतात, ब्रेक ठीक आहेत. आमची गाडी एएमटी (आपोआप गिअर बदलणारी) आहे. उतारावर ती न्यूट्रलमध्ये टाकली तर पेट्रोल वाचतं का? (एक वाचक, लोकमान्यनगर)

उत्तर: आधी शेवटचं. वाचत नाही. आजच्या इंजेक्शनच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की उतारावर इंधनाचा फवाराच बंद होतो. चाकंच इंजिनाला फिरवत असतात. न्यूट्रलमध्ये टाकलं की इंजिनाला स्वतःच्या जिवावर चालू राहावं लागतं, म्हणजे उलट थोडं पेट्रोल जातं, आणि गाडी रोखायचा सगळा भार एकट्या ब्रेकवर येतो. चावी बंद करून उतरणारे तर दुहेरी मरण ओढवून घेतात. ब्रेकला जोर देणारा व्हॅक्यूम दोन-तीन दाबांत संपतो, पेडल दगडासारखं होतं, स्टिअरिंगही जड होतं.

गॅरेजवाल्याचं म्हणणं खोटं नसेल. थंड ब्रेक ठीकच असतात. तुमच्या पत्रातला नेमका शब्द आहे ‘मऊ’. सतत पाय ठेवून उतरलं की पॅड आणि डिस्क तापतात, उष्णता कॅलिपरमधून ब्रेक ऑइलपर्यंत जाते. ते ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. नव्या डॉट 3 (‘डॉट’ म्हणजे ब्रेक ऑइलचा दर्जा) ऑइलचा उत्कलनांक निदान 205 अंश असावा लागतो, पाणी शिरल्यावर तो 140 पर्यंत येतो. डॉट 4 चे हेच आकडे 230 आणि 155. जुनं ऑइल घाटात उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. ऑइल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते, म्हणून पेडल खाली जातं आणि गाडी थांबत नाही. अर्ध्या तासाने वाफ परत ऑइल होते आणि गॅरेजात पोहोचेपर्यंत सगळं ठणठणीत!

तेव्हा निघण्याआधी ब्रेक ऑइल किती जुनं आहे ते बघा. दोन वर्षं झाली असतील तर पूर्ण बदला, वरून भरणं म्हणजे बदलणं नव्हे. डबीच्या झाकणावर डॉटचा जो नंबर असेल तोच घ्या. चाकं काढून पॅड दाखवायला सांगा. तीन मिलिमीटरच्या खाली असतील तर ट्रिपच्या आधीच बदला, आणि नवे पॅड घाटात नव्हे, शहरात शंभर-दोनशे किलोमीटर चालवून बसवून घ्या.

उतरण्याची जुन्या ट्रकवाल्यांची रीत आजही चोख आहे: ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. एएमटीला लीव्हर ‘एम’कडे सरकवून दुसरा गिअर पकडून ठेवा. ‘डी’मध्ये ठेवलंत तर गाडी आपणहून वरचा गिअर घेते आणि इंजिनाचा रोध हातचा जातो. सीव्हीटी (पट्ट्यावर चालणाऱ्या ऑटोमॅटिक) गाडीत ‘एल’, ‘एस’ किंवा ‘बी’ यांपैकी जे असेल ते वापरा. वळणाआधी ब्रेक ठाम दाबा, वेग उतरला की सोडा, चाकांना वारा लागू द्या. हलका पाय सतत ठेवणं हेच वासाचं कारण. चढावर उलटी चूक होते. गर्दीत थांबल्यावर ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरली की एएमटीचा क्लच जळतो. ब्रेक दाबून थांबा.

इलेक्ट्रिक गाडीवाल्यांसाठी एक गोष्ट. डोंगरावरच्या हॉटेलात बॅटरी पूर्ण भरून उतरू नका. भरलेल्या बॅटरीला उताराची वीज ठेवायला जागा नसते, त्यामुळे रीजन (मोटरनेच गाडी रोखून बॅटरी भरणं) कमी होतं आणि सगळं काम साध्या ब्रेकवर येतं. वरून निघताना 80-85 टक्के पुरे.

तरीही वास आलाच तर रुंद, सपाट जागा बघून थांबा. हँडब्रेक ओढू नका, तापलेले लायनर ड्रमला चिकटतात. इंजिन बंद करून गाडी गिअरमध्ये ठेवा आणि चाकांना दगड लावा. पाणी ओतू नका, डिस्क वाकते. अर्धा तास थांबा, चाकाजवळ हात नेऊन अंदाज घ्या. पेडल परत घट्ट लागलं तरच पुढे, तेही दुसऱ्या गिअरमध्ये. नाही लागलं तर टो करणारी गाडी बोलवा.

जाता जाता टायर बघाच. बाजूच्या भिंतीवर लंबगोलात चार आकडे असतात. ‘2319’ म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. नक्षी चांगली दिसली तरी असा टायर घाटासाठी म्हातारा समजा. हवा सकाळी टायर थंड असताना, चालकाच्या दाराच्या खांबावरचा ‘पूर्ण भार’चा आकडा बघून भरा. स्टेपनीतही. सातजणांच्या गाडीत स्टेपनी बऱ्याचदा खालून टांगलेली असते. ती खाली उतरवायचा दांडा कुठे आहे आणि तो फिरतो का, ते आपल्या अंगणात एकदा करून बघा.

प्रश्न: पाताळकोटात खाली हॅचबॅक जाईल का? आणि तिथे ‘पाहायचं’ काय असतं? (एक वाचक, सुदामानगर)

उत्तर: तामियाहून छिंदीकडे जाणाऱ्या रस्त्याने कड्यापर्यंत हॅचबॅक आरामात जाते. खाली उतरणारे काही रस्ते झाले आहेत, पण कच्चा, दगडांचा तुकडा लागला की गाडी तिथेच ठेवा. पोटाला दगड लागून ऑइलचं चेंबर फुटलं तर त्या दरीत फोनला रेंज मिळेलच असं नाही. नकाशा आदल्या दिवशीच ऑफलाइन उतरवून घ्या, आणि जंगलातून सुचवलेला ‘शॉर्टकट’ गावकऱ्याला विचारल्याशिवाय घेऊ नका.

पाहायचं म्हणजे आधी वरून. रातेडच्या कड्यावरून घोड्याच्या नालेसारखी दरी पसरलेली दिसते. हजार-बाराशे फूट खाली शेतांचे तुकडे, घरं, मधून दुधी नदी. साधारण 79 चौरस किलोमीटरचा हा खळगा, त्यात बारा गावं. वस्ती भारिया आणि गोंड लोकांची. भारियांची गणना विशेष असुरक्षित जनजातींमध्ये होते, मध्य प्रदेशात बैगा आणि सहरिया या आणखी दोन. त्यांच्या अंगणात कॅमेरा घेऊन शिरू नका, आधी विचारा. खाली चालत उतरायचं असेल तर गावातला माणूस सोबत घ्या, त्याचे पैसे आधी ठरवून नीट द्या. उतरायला एक तास लागला तर चढायला दोन धरा. दोन लिटर पाणी माणशी. दरीच्या तळातून ऊन लवकर जातं, तेव्हा दोन वाजता परतीची वाट धरलेली असावी. कड्यावर कोणी जडीबुटी विकत असेल तर बघा, वास घ्या, पण मधुमेहावरचं चूर्ण म्हणून घरी आणू नका.

मुक्काम तामियालाच बरा. विश्रामगृहाजवळच्या कड्यावरून सूर्यास्त दिसतो, आणि त्या वेळी तुम्ही रस्त्यावर नसता. हा त्याचा मोठा फायदा.

प्रश्न: श्रावणात सातपुडा हिरवागार असतो म्हणतात. तेव्हा गेलं तर? आमच्या नागपूरच्या मावशी दरवर्षी त्याच दिवसांत पचमढीला जातात. (एक वाचक, रामबाग)

उत्तर: मावशी पॉइंट बघायला जात नसाव्यात, नागद्वारच्या यात्रेला जात असतील. नागपंचमीच्या आधीचे काही दिवस विदर्भातून भाविकांची रीघ लागते. डोंगरातली ती अवघड पायवाट एरवी बंद असते, तेव्हाच खुली होते. त्या दिवसांत पचमढीचे रस्ते, पार्किंग, खोल्या सगळं यात्रेचं असतं. महाशिवरात्रीला चौरागडाच्या जत्रेत तसंच. यात्रेला जायचं असेल तर जरूर जा, दऱ्या बघायला म्हणून नको.

शिवाय 1 जुलै ते 30 सप्टेंबर सातपुडा व्याघ्र प्रकल्पाचा गाभा पर्यटकांना बंद असतो, म्हणजे मढईची सफारी नाही. (बाकीच्या दिवसांतही बुधवारी दुपारची फेरी नसते.) भेडाघाटची संगमरवरी खिंडीतली नाव पावसाळ्यात बंद. धूपगडावर ढगात स्वतःचे बूट दिसले तरी नशीब.

एक बारीक गोष्ट पावसातल्या गाडीची. माळव्यात डांबराच्या कडेला काळी माती असते. ओली असताना समोरच्याला वाट द्यायला डावी चाकं खाली उतरवलीत की ती रुततात, आणि जितकं रेस कराल तितकी गाडी खाली बसते. पुढे पचमढीला दगड बदलतो. तिथला वाळूचा खडक वीस कोटी वर्षांहून जुना, आपल्या माळव्याचा काळा बेसाल्ट त्यापुढे साडेसहा कोटींचं पोर. वाळूच्या खडकाचा कडा वरून भक्कम दिसतो, खालून मात्र झिजून पोकळ झालेला असू शकतो. शेवाळलं की साबण. रेलिंगच्या पलीकडे जाऊन फोटो काढू नका, हे तिथल्या पाटीवर लिहिलेलं असतंच. कारण हे आहे.

घाटात मग कधी? ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा. धबधब्यांना पाणी असतं, भेडाघाटची नाव बऱ्याचदा सुरू झालेली असते, हवा स्वच्छ असते. निघण्याआधी नावेचं फोन करून विचारा, कारण बरगी धरणातून पाणी सोडलं की ती पुन्हा थांबते.

प्रश्न: भेडाघाटला संगमरवराचा गणपती घ्यायचा आहे. फसवणूक होते का? आणि वयस्क मंडळींना नाव झेपेल? (एक वाचक, महू)

उत्तर: नाव झेपेल. पंचवटी घाटापर्यंत पायऱ्या उतराव्या लागतात, गुडघ्यांचा प्रश्न तेवढाच. लाइफ जॅकेट घातल्याशिवाय बसू नका, आणि कडे उजळलेले असताना जा. नावाडी यमकं जुळवत सगळी खिंड सांगतो, त्याला मध्येच तोडू नका, पैसे त्याचेच असतात. धुआँधारला दगड सतत तुषारांनी ओले असतात, तिथे चपला नकोत, पट्ट्याचे सँडल घाला.

गणपतीचं म्हणाल तर दुकानांत बरंचसं काम गोऱ्या पत्थराचं, म्हणजे शंखजिऱ्याच्या जातीच्या मऊ दगडाचं असतं. त्यात वाईट काही नाही, कोरीव काम त्यातच नाजूक होतं. संगमरवर म्हणून भाव लावला तर मात्र मूर्ती उलटी करा आणि बुडाला नखाने ओढा. रेघ उठली, बोटाला पावडरीसारखं गुळगुळीत लागलं, तर तो मऊ दगड. संगमरवरावर नखाची रेघ उठत नाही. दुकानदारासमोर केलंत तरी तो रागावत नाही, भाव तेवढा कमी करतो.

तुम्ही महूचे आहात म्हणून आणखी एक सुचवतो. सात दिवस निघत नसतील तर दोन दिवसांत धारमार्गे मांडू करा. इंदूरहून शंभरच्या आत आहे, आणि मांडूत शिरण्याआधी काकडा खोहची दरी रस्त्यालगतच लागते. रात्री मांडूला राहून दुसऱ्या दिवशी महेश्वर, आणि परत येताना मंडलेश्वरहून जाम दरवाजाच्या घाटाने महू. याच दिशेने करा. असं केलं की जामचा घाट तुम्ही चढता, उतरत नाही, आणि मानपूर-धामनोदच्या मधला गणपती घाट, जिथे उतरत्या ट्रकचे ब्रेक निकामी होऊन वारंवार अपघात झाले आहेत, तो वाटेत येतच नाही. जाम दरवाजापाशी दुपारी चारपर्यंत पोहोचा. मांडूची इमली (गोरखचिंचेचं फळ) घेतलीत तर फळ अख्खं घ्या आणि घरी फोडा, त्याचं कवच फोडायला बत्ताच लागतो.